तासाची मजुरी क्ष मानू

रात्रशाळेच्या वर्गात फळ्यावर उदाहरण लिहून मी मागे वळलो. ‘एका मजुराला हजर दिवसाचे ४०० रुपये मिळतात. गैरहजर राहिल्यास दिवसाला १०० रुपये दंड होतो. ३० दिवसांनी त्याच्या हाती ९,५०० रुपये आले, तर तो किती दिवस गैरहजर होता?’ असलं उदाहरण माझ्या शाळेच्या पुस्तकात होतं, माझ्या मुलीच्या पुस्तकातही होतं. आकडे तेवढे महागाईबरोबर वाढत गेले. बाकीच्यांनी माना खाली घालून उतरवून घ्यायला सुरुवात केली, पण दुसऱ्या बाकावरचा मुलगा नुसता फळ्याकडे बघत होता. दिवसा तो एका रंगाऱ्याच्या हाताखाली काम करतो. कितीही घासलं तरी त्याच्या नखांच्या कडेला ऑइलपेंट राहतोच.

“सर, खाडा झाला की त्या दिवसाचा रोज जातोच. वर दंड कशाचा?”

मी म्हटलं, “आधी सोडवू, मग बोलू.”

खाडे क्ष मानले. म्हणजे हजर दिवस ३० वजा क्ष. हजर दिवसांचे पैसे ४००(३० − क्ष), त्यातून दंड १००क्ष वजा, बरोबर ९,५००. कंस सोडवला, की १२,००० − ५००क्ष = ९,५००. क्ष पाच. पाच दिवस गैरहजर. मी उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

तो मुलगा उठून फळ्यापाशी आला आणि त्याने ५०० वर बोट ठेवलं. “हे पाचशे कुठून आले? गणितात तर चारशे आणि शंभरच आहेत.”

मी हे उदाहरण शाळेत सोडवलं, पुढे मुलीला शिकवलं, या वर्गातही दोनदा शिकवलं. प्रत्येक वेळी त्या पायरीवर ‘कंस सोडवला’ एवढंच म्हणून पुढे गेलो. तो पाचशे म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने स्वतःच सांगितलं. “म्हणजे एक दिवस काम केलं तर चारशे येतात आणि एक दिवस आजारी पडलो तर पाचशे जातात. असं आहे हे.”

तसंच आहे. त्या दिवशी मी पुढचं उदाहरण घेतलं नाही. आजोबांची गोष्ट सांगितली.

माझे आजोबा संगमेश्वराकडून मुंबईला आले आणि गिरणीत लागले. त्यांच्या तोंडी एक शब्द असायचा, ‘डबल खाडा’. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा, अशी त्या काळच्या गिरण्यांतली रीत. आजोबांना ती एखाद्या जुन्या दुखण्यासारखी आठवायची. पुढे १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला. जेवढी गैरहजेरी तेवढीच कपात, असं त्यात ठरलं आणि दंडालाही रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा आली. फळ्यावरच्या मजुराला हा हिशेब लावला, तर पाच खाड्यांचे दोन हजार जाऊन त्याच्या हाती दहा हजार यायला हवेत. पाचशे रुपये कमी आले आहेत. गिरण्या-कारखान्यांतून जी गोष्ट कायद्याने १९३६ मध्ये काढून टाकली, ती बीजगणिताच्या पुस्तकांत अजून सुखाने नांदते आहे आणि मुलं तिच्याखाली दोन रेघा मारताहेत. हे माझ्या मनाला फार लागलं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी परळच्या बाजूच्या एका रात्रशाळेत दहावीच्या वर्गाला गणित शिकवायला जायला लागलो. आठवड्यातून तीन संध्याकाळी. वर्गात सतरा वर्षांपासून चव्वेचाळीस वर्षांपर्यंतची माणसं आहेत. हॉटेलात टेबलं पुसणारी, कुरिअरची पाकिटं पोचवणारी, शिलाईवर बसणारी, बांधकामावर बिगारी म्हणून जाणारी. सगळी दिवसभर राबून येतात. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हाचा वर्ग कसा दिसत असेल याची कल्पना मला इथे बसल्यावर येते. ट्यूबलाइट, जांभया, आणि कुणी तरी बाकावर डोकं टेकून घेतलेली दोन मिनिटांची डुलकी. त्या डुलकीला मी कधी हटकत नाही.

दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. त्याच्या शेवटी शाब्दिक उदाहरणं. सगळे म्हणतात, शाब्दिक उदाहरणं अवघड. या वर्गात मात्र आकडेमोड कुणालाच जड नाही. साडेआठशेच्या रोजाने पावणेदोन दिवसांचे किती, असं विचारलं तर बिगारी भाऊ माझ्या आधी सांगतात. आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असायची. तो वारसा या वर्गात पुस्तकाविना उतरला आहे, कारण पगाराच्या दिवशी कुणी फसवू नये म्हणून तो लागतोच. अडतं ते मांडणीपाशी. क्ष कशाला मानायचं, इथे.

न्यू जर्सीला माझी भाची असते. तिचा मुलगा अधूनमधून त्याच्या गणिताचा फोटो पाठवतो. मध्यंतरी एक आलं होतं. तासाला १८ डॉलर, आठवड्याचे ४० तास, त्याच्यावरच्या तासांना दीडपट, आणि एका आठवड्यात ८५५ डॉलर मिळाले, तर एकूण किती तास काम झालं? ४० तासांवर दीडपट हा तिथला १९३८ चा कायदा आहे. मी त्याला फोनवर म्हटलं, अठरा दीडे सत्तावीस. चाळीस तासांचे झाले ७२०, उरले १३५, सत्तावीस पाचे एकशे पस्तीस. म्हणजे पाच तास जादा, एकूण पंचेचाळीस. त्याला दिडकीची फार मौज वाटली. माझ्या डोक्यात मात्र ते उदाहरण बरेच दिवस राहिलं. त्यात तासाचा दर पहिल्याच ओळीत दिलेला आहे. मजूर काय, मालक काय, पुस्तक लिहिणारा काय, सगळ्यांना तो ठाऊक आहे. ठाऊक नाहीत ते तास. आमच्या वर्गात नेमकं उलट आहे. तास सगळ्यांना पाठ आहेत. बाराच असतात. दर कुणालाच माहीत नाही.

हे कळलं ते वर्गातल्या एका सिक्युरिटी गार्डमुळे. तो येतो तेव्हा गणवेशावरच येतो, कारण साडेआठला वर्गातून उठून नऊच्या ड्यूटीला उभं राहायचं असतं. रात्री नऊ ते सकाळी नऊ. महिन्याला २६ ड्यूट्या, पगार १५,६००. एके संध्याकाळी त्याने विचारलं, “सर, माझा तासाचा रेट किती धरायचा?” प्रश्न साधा होता. मी म्हटलं, हेच आजचं उदाहरण.

२६ गुणिले १२, झाले ३१२ तास. तासाची मजुरी क्ष मानू. ३१२क्ष = १५,६००. क्ष पन्नास. तासाला पन्नास रुपये. झालं, असं मला वाटलं.

मागच्या बाकावर एक ताई बसतात, चार घरी धुणीभांडी करतात. त्या म्हणाल्या, “पण जास्तीच्या तासांना डबल मिळतात ना? माझ्या भावाला कंपनीत ओटीचे डबल लावतात.” बरोबर होतं त्यांचं. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५९ मध्ये जादा कामाला दुप्पट दर होता, आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही दुप्पटच आहे. गार्डच्या नोकरीला नेमकं कोणतं कलम लागू होतं ते सांगणं माझं काम नाही, पण दुप्पट धरून मांडायला काय हरकत होती? मी खडूचा डबा उघडला आणि निळा खडू घेतला. पांढऱ्याने आठ साधे तास, निळ्याने चार जादा तास. निळ्याचे दुप्पट म्हणजे आठ. एका ड्यूटीचे झाले सोळा क्ष. २६ गुणिले १६, ४१६. ४१६क्ष = १५,६००. क्ष साडेसदतीस.

पन्नासाचे साडेसदतीस झाले. पगार तोच, माणूस तोच, रात्रही तीच. वर्ग गप्प.

मग रंगाऱ्याचा हेल्पर म्हणाला, “पण पंधरा-सहाशे हा आठच तासांचा पगार असेल तर?” तेही मांडलं. २६ गुणिले ८, २०८. २०८क्ष = १५,६००. क्ष पंच्याहत्तर. आणि मग निळे तास दुपटीने धरले तर गार्डला मिळायला हवेत ४१६ गुणिले ७५, म्हणजे ३१,२००. बरोबर दुप्पट. हा आकडा योगायोगाने आला नाही, हे मी त्यांना थांबून समजावलं. आठ अधिक चाराचे दुप्पट, सोळा. सोळा म्हणजे आठाचे दुप्पट. आठवड्याने मोजा, तरी तेच. सहा दिवसांचे ७२ तास, त्यातले ४८ साधे, २४ जादा. २४ दुणे ४८, आणि ४८ मिळून ९६. बारा तास राबणाऱ्याचा वेळ आठ तासांच्या दीडपट जातो, पण त्याचं दाम आठ तासांच्या दुप्पट होतं. वर्गातल्या निम्म्या माणसांच्या ड्यूट्या बारा तासांच्या आहेत. त्यांनी ते वहीत वेगळ्या चौकटीत लिहून घेतलं.

फळ्यावर आता एकाच पगाराचे तीन क्ष होते. पन्नास, साडेसदतीस, पंच्याहत्तर. गार्डने विचारलं, “यातला माझा कुठला?”

मी म्हटलं, नेमणुकीच्या कागदावर काय लिहिलंय ते बघावं लागेल.

“कागद नाहीये, सर. लागलो तेव्हा म्हणाले, पंधरा-सहाशे, सगळं धरून.”

‘सगळं धरून’. हे दोन शब्द मी बँकेच्या काउंटरवर बसून किती वेळा ऐकले असतील. घर भाड्याने देताना, लग्नाचा हॉल ठरवताना, माणूस कामाला ठेवताना. ऐकायला सोपे, सोयीचे, जवळिकीचे वाटतात. त्या संध्याकाळी कळलं, की ‘सगळं धरून’ म्हटलं की तीनही समीकरणं एकाच आकड्याखाली झाकली जातात. कोणती मांडणी खरी, हे गणित सांगू शकत नाही. गणित एवढंच सांगतं, की मांडण्या एकाहून जास्त आहेत. पण ज्याला आजवर एकच आकडा दिसत होता, त्याला तीन दिसायला लागले, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. गार्ड आता वहीच्या शेवटच्या पानावर रोजची येण्याची आणि सुटण्याची वेळ लिहितो. सकाळचा माणूस उशिरा आला की नऊचे साडेनऊ होतात. ती अर्ध्या तासाची ओळ तो निळ्या पेनाने लिहितो.

निळ्या खडूवरून मला भास्कराचार्य आठवले होते. त्याच आठवड्यात कुणी तरी विचारलं होतं, अज्ञाताला क्षच का म्हणायचं? भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची नोंद आहे. त्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञाताला क्ष म्हणत नाहीत, ‘यावत्तावत्’ म्हणतात. जेवढं असेल तेवढं. लिहिताना नुसतं ‘या’. आणि एकाहून जास्त अज्ञातं आली की त्यांना रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा. हे सांगितल्यावर रंगाऱ्याच्या हेल्परचा चेहरा असा उजळला, की मी ते कधी विसरणार नाही. त्याने वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘नीलक = ओटी’. आमच्या वर्गात आता तोच शब्द चालतो.

भास्कराचार्यांचं घोड्यांचं उदाहरणही मी त्यांना दिलं. एकापाशी ३०० रूप, म्हणजे रोख पैसे, आणि ६ घोडे. दुसऱ्यापाशी १० घोडे, पण १०० रूप कर्ज. दोघांची मालमत्ता सारखीच, तर घोड्याची किंमत किती? ६या + ३०० = १०या − १००, म्हणून या शंभर. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वीचं उदाहरण, आणि त्यात कर्ज आहे. कर्ज वजा करून मांडायचं हे त्या वर्गाला शिकवावं लागलंच नाही. उचल घेतलेल्या माणसाला ऋण संख्या कळते.

मागच्या बाकावरच्या ताईंना मात्र या सगळ्यात एक अडचण होती. त्या म्हणाल्या, “सर, आमच्यात तासाचा रेट नसतो. काम असतं.” धुणी हे एक काम, भांडी दुसरं, केर-लादी तिसरं. महिन्याला कामामागे इतके, असं ठरतं. मग ती भांडी चार माणसांची असोत की पाहुणे धरून अकरा जणांची. मी म्हटलं, तुम्हीच मांडा. त्यांनी एक आठवडा मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजली आणि कागद घेऊन आल्या. एका घरी दोन कामं, पाऊण तास, महिन्याला १,८००. दुसऱ्या घरी एकच काम, पण पन्नास मिनिटं, महिन्याला १,०००. तीस दिवस धरले, तर पहिल्या घरचे साडेबावीस तास, दुसऱ्या घरचे पंचवीस. भागाकार त्यांनी स्वतः केला. पहिल्या घरी तासाला ऐंशी, दुसऱ्या घरी चाळीस.

त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. “दोन कामांच्या घरी मी थकते म्हणून कुरकुरत होते,” त्या म्हणाल्या, “आणि एकाच कामाचं घर हलकं समजत होते.”

मला वाटलं, आता त्या दुसरं घर सोडतील. तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा त्यांनी माझी मांडणी दुरुस्त केली. अडीनडीला दहा हजारांची उचल देते ती हीच दुसऱ्या घरची बाई, आणि व्याज घेत नाही. बाहेर ते दहा हजार महिन्याला शेकडा पाचाने मिळतात. म्हणजे वर्षातून दोन महिने जरी ती उचल वापरली, तरी हजार रुपये वाचले. ते बारा महिन्यांत वाटले, तर महिन्याला सुमारे त्र्याऐंशी. “ते धरून सांगा आता तासाचे किती,” त्या म्हणाल्या. धरून बघितलं. चाळिसाचे त्रेचाळीस झाले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “ठीक आहे. मग पगारवाढ मागते, घर सोडत नाही.” किती मागायचे, ते त्यांनी क्ष मानून काढलं. मागितले, आणि दीडशे वाढवून मिळाले. त्यांनी मागितले होते त्याहून कमी, पण चार वर्षांत पहिल्यांदा.

शिकवता शिकवता एका गोष्टीची मला सवय लागली. उदाहरणाखाली आपण ‘दिलेली माहिती’ असं लिहितो ना, तिथे मी हल्ली थांबतो. आठवड्याचे ६ दिवस, असं पुस्तक किती सहज लिहून जातं. तो सहा आकडा आभाळातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी त्या जागी सात लिहावा लागला असता. आणि दिवसाचे तास? १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांचा ठरवला. १९२२ साली अकरा तास आणि आठवड्याला साठ. १९३४ साली दहा, आठवड्याला चोपन्न. १९४६ साली नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. १९४८ च्या कायद्याने तेच कायम केलं. आजोबांच्या एका नोकरीत समीकरणातला हा आकडा तीनदा बदलला. म्हणून मी वर्गाला म्हणतो, की ‘दिलेली माहिती’ हे शब्द लिहिताना ती कुणी दिली आणि कुणी मिळवली, तेही मनात असू द्या. परीक्षेत त्याला गुण नाहीत. तरी मी सांगतो.

आता वडिलांचं.

वडीलही गिरणीतच होते, पण कित्येक वर्षं बदली. कायम कामगार खाडा करील त्या दिवशी त्याच्या जागी उभं राहायचं. त्यासाठी पाळी भरायच्या वेळी गेटावर हजर व्हायचं. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. नाव पुकारलं तर आत, नाही तर घरी. गणपतीत, शिमग्याला, लावणीच्या दिवसांत आमचे कोकणातले लोक गावी जायचे, तेव्हा बदलीवाल्याला महिनाभर काम. एरवी काही खरं नाही. महिन्याच्या दहा तारखेला पगार व्हायचा. हजाराहून कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत आणि जास्त असतील तर दहाच्या आत पगार द्यायचा, हेही त्याच १९३६ च्या कायद्यातलं. आमच्या चाळीत दहा तारखेला संध्याकाळी मटणाचा वास यायचा. आमच्या घरी तो कधी यायचा, कधी नाही.

आईच्या ट्रंकेत वडिलांचं एक पगाराचं पाकीट आहे. तपकिरी कागद, घड्यांवर फाटलेला. तिकीट नंबर, डिसेंबर १९७०, आणि हाती आलेली रक्कम १०४ रुपये ५० पैसे. बस, एवढंच. किती दिवस काम मिळालं ते नाही, रोज काय पडला ते नाही.

ते पाकीट मी वर्गात नेलं. दिवस क्ष, रोज य. क्ष गुणिले य बरोबर १०४.५०. मुलांना म्हटलं, शोधा. अकरा दिवस साडेनऊने, जुळतं. एकोणीस दिवस साडेपाचाने, जुळतं. बावीस दिवस पावणेपाचाने, तेही जुळतं. एक समीकरण आणि अज्ञातं दोन, म्हणजे उत्तरं हवी तेवढी. प्रकरणाच्या सुरुवातीलाच हे येतं, पण माझ्या बापाच्या पाकिटावर ते बघताना मला बोलवेना. तेव्हा रंगाऱ्याचा हेल्पर हळूच म्हणाला, “सर, दुसरं समीकरण आणा ना.”

दुसरं समीकरण कुठून आणणार? वडील जाऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाली. गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आहे. घरी येऊन मी पाकीट परत ट्रंकेत ठेवायला गेलो, तर आई जागी होती. शहाऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण हिशेब पक्का. तिने हातात घेऊन महिना वाचायला लावला.

“डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष,” ती म्हणाली. “त्या महिन्यात सोळा डबे परत आले.”

मला कळेना. मग तिने सांगितलं. बदली मिळो न मिळो, डबा रोज करावाच लागायचा. पहाटे चुलीवर दोन भाकऱ्या, असेल ती भाजी, डब्याला फडकं बांधायचं. काम मिळालं नाही तर वडील नऊ-दहाच्या सुमाराला परत यायचे आणि काही न बोलता डबा ओट्यावर ठेवायचे. “गाठ मी मारलेली, तशीच असायची,” ती म्हणाली. “त्या महिन्यात मी मोजले. लोक सोळा सोमवार करतात, माझे सोळा डबे झाले. म्हणून लक्षात आहेत.”

मी मोबाइलवर डिसेंबर १९७० काढला. चार रविवार. एकतीसातून चार गेले, सत्तावीस. सत्तावीसातून सोळा गेले, अकरा. क्ष अकरा. य साडेनऊ रुपये. आठ तासांनी भागले. तासाला एक रुपया पावणेएकोणीस पैसे, कापून हातात आलेले.

आईला मोठ्याने सांगितलं. तिने मान डोलावली, थोडा वेळ गप्प राहिली.

“आणि गेटावर उभे राहायचे ते तास? ते धरलेस?”

“नाही.”

“मग धर की.”

मी वहीचं पान उलटलं. वर सोळा लिहिले, पुढे गुणिले, आणि निळं पेन शोधायला उठलो.